कम्युनिटी कॉलेजचे कोर्स ‘चालतात का’, असं विचारलंत म्हणून

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, मी काउन्सेलर आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती आटोपून जेवणाची रांग लागली, की कुणीतरी मला बाजूला घेतंच. “आमची मुलगी प्री-मेड आहे, पुढे डॉक्टर व्हायचंय. ते इंग्लिश, हिस्टरी वगैरे उन्हाळ्यात तुमच्याकडे उरकलं, तर पुढे मेडिकल स्कूलला चालतं का हो?” हे विचारताना आवाज जरा खाली येतो. कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्या लोकांना अजून नापासांची रात्रशाळाच आठवते.

चालतं. समाजशास्त्राचा कोर्स तुमच्या मुलीने यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) केला की आमच्याकडे, यावरून तिचा अर्ज कुणी बाजूला टाकत नाही. भानगडी होतात त्या दुसऱ्याच गोष्टींवरून, आणि त्या मला सहसा कुणी विचारत नाही.

आपल्याकडे बारावीनंतर नीटची परीक्षा दिली की पोर थेट ॲनाटॉमीच्या वर्गात जाऊन बसतं. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, त्यापुढे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. प्री-मेड हा पदवीचा विषयच नाही. संगीतात पदवी घेऊनही डॉक्टर होता येतं, फक्त जीवशास्त्र, रसायन, भौतिक वगैरे ठरावीक कोर्स पदरात हवेत. जनरल एज्युकेशन मात्र सहसा कुणाला चुकत नाही: निबंधलेखन, इतिहास, कला, समाजशास्त्र. ‘डॉक्टरला कलेचा इतिहास कशाला?’ हा प्रश्न मी बहुधा बाबांकडून ऐकते.

आता पैशांचं. राज्यातल्या रहिवाशाला आमच्याकडे युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट) ४६ डॉलर पडतात. तीन युनिटचा कोर्स १३८ डॉलरला, वर पुस्तकं आणि किरकोळ फी. यूसीची नुसती ट्यूशन आणि फी धरली तरी वर्षाला १४ हजार डॉलरच्या वर जाते. पहिली दोन वर्षं आमच्याकडे काढून मग यूसीत ट्रान्सफर घेणाऱ्याचे भरपूर पैसे वाचतात, आणि मेडिकल स्कूलचं कर्ज पुढे दिसत असताना ती रक्कम लहान नाही. पण जी आधीच यूसीत पूर्णवेळ शिकतेय, तिचा हिशेब वेगळा. तिथे एक कोर्स कमी घेतला म्हणून सत्राची फी कमी होत नाही. एका उन्हाळी कोर्सने तिचं ओझं हलकं होतं, एवढंच. ज्या सत्रात ऑरगॅनिक केमिस्ट्री आहे, त्यात इतिहासाचे पेपर लिहावे लागत नाहीत. माझ्या मते तेवढंही पुष्कळ झालं. पदवी एका सत्राने लवकर हातात पडली, तरच पैसे वाचतात.

कोर्स घेण्याआधी असिस्ट नावाची वेबसाइट उघडून बघा. आमचा कुठला कोर्स कुठल्या यूसीत किंवा कॅल स्टेटमध्ये (राज्याची दुसरी सरकारी विद्यापीठं) कशाच्या बदल्यात धरला जातो, ते तिथे सरळ दिसतं. खासगी किंवा दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात असाल, तर तिथल्या ॲडव्हायझरकडून आधी लेखी होकार घ्या. मैत्रिणीचा कोर्स धरला म्हणून तुमचाही धरतील, या भरवशावर राहू नका.

खरा घोळ ग्रेडचा आहे. आमच्याकडच्या कोर्सचे युनिट विद्यापीठात जमा होतात, पण ग्रेड सहसा तिथल्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, मिसळत नाही. मुलांना हे कुठूनतरी कळतं आणि ती निर्धास्त होतात. पण मेडिकल स्कूलचा अर्ज बहुतेक ठिकाणी ॲमकॅस या सामायिक अर्जसेवेमार्फत जातो, आणि ॲमकॅस तुम्ही पाय ठेवलेल्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) मागवून जीपीए स्वतः नव्याने काढतं. शाळेत असताना हौसेने घेतलेला कॉलेजचा कोर्ससुद्धा त्यात येतो. कोर्स पुन्हा केला तर जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही मोजतात.

एक मुलगा आठवतो, चांगला हुशार. उन्हाळ्यात राज्यशास्त्राचा ऑनलाइन कोर्स घेतला आणि इंटर्नशिप मिळाल्यावर लॉगिन करणंच सोडून दिलं. आपलं नाव आपोआप कटेल असं तो धरून चालला. मुदतीत ड्रॉप केलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. तसं झालं नाही आणि एफ आला, म्हणजे नापास. विद्यापीठाच्या जीपीएला धक्का लागला नाही, म्हणून दोन वर्षं घरी कुणाला पत्ताही नव्हता. अर्ज भरायला बसल्यावर ते बाहेर आलं. आईने मला विचारलं, “हे कॉलेज दाखवलंच नाही तर?” दाखवावंच लागतं, ताई. लपवलेलं कॉलेज सापडलं तर ते एका एफपेक्षा कितीतरी महागात पडतं.

उन्हाळ्याचा कोर्स म्हणजे सोळा आठवड्यांचा अभ्यास सहा आठवड्यांत. दर दोन दिवसांनी काहीतरी सबमिट करायचं असतं, त्यामुळे भारतवारी आणि उन्हाळी कोर्स एकत्र जमत नाही. आणि स्टॅटिस्टिक्स जरी जनरल एज्युकेशनमधला गणिताचा कोर्स म्हणून घेतला, तरी ॲमकॅस त्याला विज्ञान-गणिताच्या जीपीएत धरतं. ‘एक साइड कोर्स’ म्हणून तो सहज घेऊ नये.

आता माझ्या आवडीचं. संध्याकाळच्या एका समाजशास्त्राच्या वर्गात मी मागे बसले होते. विषय होता, रुग्ण अपॉइंटमेंट का चुकवतात. यूसीतून आलेल्या एका प्री-मेड मुलीने लगेच सांगितलं, जागरूकतेचा अभाव. तिच्या शेजारी डायलिसिस सेंटरमध्ये काम करणारी पन्नाशीची बाई होती, हॉस्पिटलच्या कपड्यांत, स्क्रबवरच आलेली, पायांत ते रबरी बूट. ती म्हणाली, “माझ्या पेशंटला सगळं कळतं. आठवड्यातून तीनदा यायचं, दोन बस बदलायच्या. एक बस चुकली की खुर्ची दुसऱ्याला जाते. आणि तिसऱ्यांदा सुट्टी मागितली की साहेब तास कापतो.” मुलगी जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “मग खुर्ची गेली की ते काय करतात?” बाईंनी सांगितलं: कधीकधी थेट इमर्जन्सीत.

हे विद्यापीठाच्या वर्गात घडणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण तिथे शेजारी बसलेली बहुधा एकोणीस वर्षांची दुसरी प्री-मेडच असते. रोकड्या हिशेबानेच बोलायचं, तर २०१५पासून एमकॅटच्या, म्हणजे मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेच्या, चारपैकी एक भाग मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा आहे. दुसऱ्या एका भागात नुसतं वाचन: ९० मिनिटांत ५३ प्रश्न, उतारे इतिहास, कला, तत्त्वज्ञान यांतले, विज्ञान औषधालाही नाही. तिथे केमिस्ट्रीत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांचीही दमछाक होते. कलेचा इतिहास कशाला, असं विचारणाऱ्या बाबांना मी हेच सांगते.

विज्ञानाचे कोर्स? चार वर्षांच्या विद्यापीठात असाल तर ते तिथेच करा. काही मेडिकल स्कूल आमच्याकडची केमिस्ट्री बिनतक्रार घेतात, काहींना विद्यापीठातलीच लागते. ज्याला जिथे अर्ज करायचा, त्या स्कूलचा नियम एमएसएआर या मेडिकल स्कूलांच्या प्रवेश-अटींच्या यादीत बघावा. ट्रान्सफर घेणाऱ्यांना पहिली दोन वर्षं इथेच शिकायचं असतं, त्यांनी मात्र घाबरू नये. पुढे विद्यापीठात वरच्या पातळीचे विज्ञानाचे दोन-चार कोर्स घेऊन तिथेही चांगल्या ग्रेड काढल्या की झालं.

आणि कृपा करून मुलांच्या ग्रेड विचारायला मला फोन करू नका. कॉलेजात नाव घातलं की, मूल सोळा वर्षांचं असलं तरी, त्याच्या परवानगीशिवाय मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. कायदाच तसा आहे. अपॉइंटमेंट मुलालाच किंवा मुलीलाच घेऊ दे. एप्रिलात घेतली तर निवांत बोलता येतं, जूनमध्ये आमच्या दाराबाहेर उभं राहायलाही जागा नसते.