सुयांची बाटली

"ताई, तुमच्याच घरची पिशवी होती," कचरेवाली मावशी म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. बोटाला रुमालाची चिंधी गुंडाळून दारात नुसती उभी होती.

बारा वर्षं मी इन्सुलिन घेते. इन्सुलिन टोचायच्या पेनाची सुई टोपी लावून सरळ कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकायची, हीच सवय. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कोणी काही विचारलं नाही आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. सुई टोचलेला मावशीचा हात नळाखाली साबणाने धुतला आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. तिला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, मग कावीळ बी, सी आणि एचआयव्हीसाठी दोघींचंही रक्त तपासलं. दोघींचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. तरी तिला पुढेही तपासण्या करून घ्यायला सांगितलं.

मग सुयांसाठी जागा शोधायला निघाले. मेडिकलवाला हसला, "आम्ही विकतो, परत नाही घेत." रक्त तपासायच्या लॅबमध्ये मुलगी नम्रपणे म्हणाली, "आमच्या कचऱ्याच्या पिशव्यांना बारकोड असतो, बाहेरचं काही टाकता येत नाही." एका मोठ्या हॉस्पिटलच्या काउंटरवर तर मीच काही चोरून आणलंय असं बघितलं. गंमत म्हणजे २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज 'घरगुती धोकादायक कचरा' म्हणून स्पष्ट लिहिल्या होत्या. वेगळ्या ठेवा, हेही लिहिलं होतं. त्या कोणाच्या हातात द्यायच्या, ते मात्र कोणाला ठाऊक दिसेना.

शेवटी आमच्या गल्लीतले फॅमिली डॉक्टर कामी आले. त्यांच्या दवाखान्यातला जैववैद्यकीय कचरा न्यायला गाडी येते. "घट्ट झाकणाची जाड बाटली भरून आणा, मोकळी सुई एकही नको," एवढीच अट.

पाण्याची बाटली चालत नाही, सुई आरपार जाते. म्हणून कपडे धुवायच्या लिक्विडची रिकामी बाटली धुऊन घेतली आणि मार्करने 'सुया, उघडू नका' लिहिलं. आता टोचून झालं की बाहेरचं मोठं टोपण टेबलावर उपडं न ठेवता तोंड वर करून ठेवते, पेन धरून सुई एकाच हाताने त्यात उतरवते, फिरवून सोडवते आणि टोपणासकट बाटलीत टाकते. आतलं लहान टोपण परत लावायला जायचं नाही, बोट तिथेच जातं. आणि एक गोष्ट मला इतक्या वर्षांत कळली नव्हती: पेनाच्या सुईला मागच्या बाजूनेही टोक असतं, पेनातल्या इन्सुलिनच्या नळीच्या, म्हणजे कार्ट्रिजच्या, रबरात घुसणारं. पुढचं झाकलं म्हणजे झालं, असं नाही.

सासूबाई अजून पेनाऐवजी इन्सुलिनची कुपी (मिलीलीटरला चाळीस युनिटवाली) आणि लाल टोपीची सिरिंज वापरतात. तिची सुई निघत नाही, त्यामुळे ती अख्खी बाटलीत जाते. सुरुवातीला त्या कुरकुरल्या, "एवढं काय ते!" बाटली पाऊण भरली की थांबायचं, आणखी कोंबायचं नाही, हे मात्र आता त्याच मला बजावतात.

पालिकेने २०२५ मध्ये डायपर, पॅड, मुदत संपलेली औषधं असा घरातला विशेष कचरा वेगळा न्यायची सेवा सुरू केली. सोसायटीने नाव नोंदवायचं असतं. मी सेक्रेटरींना सांगून दोन मीटिंगा झाल्या, दोन्हींत पार्किंगवर भांडण झालं.

चार महिन्यांनी पहिली बाटली झाकणावर चिकटपट्टी लावून डॉक्टरांकडे नेली. कंपाउंडरने ती कानाशी हलवली, खुळखुळ्यासारखी वाजली, आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

मावशीला मी बाटली दाखवली. "बरं केलंत," म्हणाली. तरी माझी पिशवी उचलण्याआधी ती अजून एकदा हलवून बघते.