कवळीतले बुडबुडे आणि नागपूरचा मे महिना
१९३०च्या दशकाअखेर कवळ्यांसाठी नवं प्लॅस्टिक म्हणजे अ‍ॅक्रिलिक आलं आणि व्हल्कनाइटच्या काळपट रबरी कवळ्या मागे पडल्या. पण अ‍ॅक्रिलिकचेही नखरे आहेतच. पावडर ३ भाग, लिक्विड १ भाग, मापानेच, अंदाजपंचे नको. नागपूरच्या उन्हाळ्यात हा लगदा बघता बघता घट्ट होतो, म्हणून भांडं झाकून ठेवा आणि बोटाला चिकटेनासा झाला की लगेच कवळीच्या साच्यात दाबून भरा.

फ्लास्क, म्हणजे साचा असलेला धातूचा डबा, थेट उकळत्या पाण्यात टाकू नका. मोनोमर, म्हणजे ते लिक्विड, १०० अंशांच्या आसपास उकळतो, जाड भागात बुडबुडे अडकतात, कवळी तिथेच तडकते. आधी ७४ अंशांवर २ तास, मग १०० वर १ तास. नंतर फ्लास्क टेबलावरच निवू द्या. घाईने नळाखाली धरला की कवळी वाकडी झालीच समजा.

पेशंटला बजावा: रात्री कवळी साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, कूलरसमोर कोरडी नाही.