पिकअपचे टायर बदलताना काट्यावर कळलेली गोष्ट

ओतूरहून टोमॅटोचे क्रेट भरून मी वाशीला जातो. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड पिकअप घेतली, तेव्हा टायरांची नक्षी चांगली होती, म्हणून मी खोलात गेलो नाही. यंदा माळशेज उतरून मोरोशीला चहाला थांबलो तेव्हा मागच्या डाव्या टायरच्या बाजूला फुगा दिसला. मोबाईलच्या उजेडात हात लावला तर लिंबाएवढा, मऊ. तो घाटात फुटला असता तर काय झालं असतं, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही.

स्टेपनी लावून सावकाश घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, 215 कशाला, 235 टाका. रुंद टायर, लोड आरामात ओढेल." ऐकायला बरं वाटलं, पण घरी येऊन वहीत मांडलं. 215/75 R15 म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के, रिम 15 इंची. पूर्ण टायर साधारण 703 मिलिमीटर उंच. 235/75 मात्र 733. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापणार, आणि मीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी खरी 62 ते 63 ने पळणार. शिवाय क्रेट भरल्यावर गाडीखालचे पाटे (स्प्रिंगा) दबतात, तेव्हा रुंद टायर घासण्याची धास्ती वेगळीच.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर धुळीने झाकला होता. ओल्या फडक्याने पुसला, तर साइज 215/75 R15 च होती. मग साइज बरोबर असताना फुगा का आला?

उत्तर साइजच्या पुढच्या आकड्यात होतं. माझ्या टायरांवर 100 लिहिलं होतं. त्याचा अर्थ एका टायरची ताकद 800 किलो. आधीच्या मालकाने जीपगाडीचे टायर लावले होते. मालवाहू गाडीसाठी त्याच मापात 106/104 लिहिलेला टायर मिळतो. एका बाजूला एकच चाक असेल तर पहिला आकडा धरायचा, 106 म्हणजे 950 किलो.

तरी खात्री करायची म्हणून 70 क्रेट भरून वजनकाट्यावर गेलो आणि फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. 1780 किलो. जुन्या दोन टायरांची ताकद मिळून 1600, नव्यांची 1900. काट्याची ती पावती मी अजून डॅशबोर्डमध्ये ठेवली आहे. पिकअपवाल्या प्रत्येकाने एकदा तरी हे करावं, असं मला मनापासून वाटतं. पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे.

दुकानदाराने मग 106 चे टायर मागवून दिले. बसवण्याआधी तारीख पाहिली. एकावर 1424, म्हणजे 2024 चा चौदावा आठवडा. दुसऱ्यावर 0921. तीन वर्षं जुना टायर नव्याच्या भावात मी घेतला नाही, दुसरा मागवायला लावला. त्यात दोन दिवस गेले, माल शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवला.

मागचे दोन्ही बदलून झाले. हवा थंड टायरात, स्टिकरवर भरल्या गाडीसाठी लिहिली आहे तेवढीच भरतो. परवा मोरोशीला थांबून चारही टायरांवरून हात फिरवला, कुठे फुगवटा नाही. स्टेपनी मात्र अजून 100 चीच आहे. या तोडणीचे पैसे आले की पहिली तीच बदलणार, आणि तोवर ती लावायची वेळ आली तर निम्मे क्रेट उतरवूनच पुढे जाणार.