विमान रंगवायला गेलो अन् पाणीच काढत बसलो

तालुक्याच्या गावी माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. बोलेरो, ट्रॅक्टरचं बॉनेट, स्कूल बस असली कामं. मागच्या मार्चात कॉलेजातून फोन आला, गेटजवळच्या ओट्यावरचं विमान रंगवायचं आहे, कोटेशन द्या. विमान म्हणजे वायुसेनेचं रिटायर झालेलं नॅट, छोटं लढाऊ जेट. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम २२ फूट, आमच्याकडच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीपेक्षा काही फार मोठं नाही. मला वाटलं आठ दिवसात उरकतो.

शेजारच्या गावात एक रिटायर्ड सार्जंट काका राहतात, जुने एअरफ्रेम फिटर, म्हणजे वायुसेनेत विमानाचा सांगाडा अन् पत्रा दुरुस्त करणारे. ते बघायला आले तेव्हा मी लोखंडी ब्रशनं जुना रंग खरडत होतो. "अबे काय करून राहिला बे, अल्युमिनियम आहे थे!" लोखंडाचे कण पत्र्यात रुतले की ओल लागल्यावर तिथूनच पत्रा खराब होतो म्हणे. ब्रश फेकला, प्लास्टिकचे स्क्रेपर आणले.

कॉकपिट तर त्यांनी उघडूच दिलं नाही. पायलटला संकटात बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटला काडतुसं असतात, ती काढल्याचा कागद आधी दाखवा म्हणाले. कॉलेजच्या कपाटात तो कागद शोधण्यात ४ दिवस गेले. सापडला तेव्हा क्रीडा साहित्याच्या फायलीत होता, आता काय बोलायचं.

मग मला पोटाखाली झोपायला लावलं. "पयले पाणी कुठून निंघते थे पाय." विमानाच्या पोटाला खालून बारीक भोकं असतात, आत गेलेलं पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. आधीच्या पेंटरनं ती सगळी पुट्टीनं बुजवली होती, वर मस्त ऑइल पेंट, नाव नाही घेत पण त्याला बिल मात्र पूर्ण मिळालं. एका भोकातली पुट्टी लाकडी काडीनं हळूच काढली तर काळं पाणी सरळ तोंडावर, मागून साळुंकीच्या घरट्याच्या काड्या अन् कापसाचे पुंजके. आत स्टीलच्या बोल्टाभोवती अल्युमिनियमचा पांढरा भुगा झालेला. दोन वेगळे धातू ओलीत एकमेकाला टेकले की अल्युमिनियम खाल्लं जातं, हे मला २० वर्षं गाड्या रंगवूनही माहीत नव्हतं. तो भुगा काढायलाच १० दिवस लागले, त्यात गांधीलमाश्या दोनदा चावल्या.

कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, थिनरनं पुसणार होतो, काकांनी हात धरला. ॲक्रिलिकच्या एका फुटक्या तुकड्यावर थेंब टाकून दाखवला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटल्या. मग साबण-पाणी अन् मऊ फडकं. नुसत्या अल्युमिनियमच्या पत्र्यावर गाड्यांना मारतो तो रेड ऑक्साइड धरत नाही म्हणून आधी पत्र्याला पकडणारा वॉश प्रायमर मारला. एप्रिल लागला होता, दहानंतर पत्र्याला हात लावायची सोय नाही, स्प्रे हवेतच सुकून खरखरीत बसायचा, म्हणून पहाटे साडेपाचला कंप्रेसर सुरू अन् आठला बंद.

चहाच्या वेळी विचारलं, काका, हे उडवता येईल का? ते हसले. उडवायचं तर एकेक रिव्हेट तपासा, त्याचा कागद ठेवा, पार्ट शोधा. मग डकोटाचं सांगितलं, म्हणजे जुनं वाहतुकीचं विमान, त्या जातीच्या विमानांवर त्यांनी स्वतः काम केलेलं. वायुसेनेच्या व्हिंटेज फ्लाइटचं, म्हणजे जुनी विमानं जपणाऱ्या तुकडीचं, डकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त झालं अन् २०१८ मध्ये उडतच भारतात आलं, त्यावर व्हीपी ९०५ हा नंबर, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ ला सैन्य घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा. अन् नॅट म्हटलं की त्यांना वायुसेनेचे पायलट निर्मलजित सिंग शेखों आठवतात, १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवरून नॅट घेऊन एकटे लढले अन् शहीद झाले, परमवीर चक्र मिळालं. हे सांगताना काकांचा चहा थंड झाला होता, मी परत गरम करून आणला.

रंगाचं बिल कोटेशनपेक्षा जास्त झालं, कॉलेजकडून अजून थोडे पैसे येणं बाकी आहे. जूनच्या पहिल्या पावसात मी मुद्दाम गाडी काढून बघायला गेलो. पोटाखालच्या सगळ्या भोकांतून पाणी टपटप खाली येत होतं. प्राचार्य म्हणाले, अहो ओट्यावर डाग पडून राहिले.

म्हटलं सर, पडू द्या.