वाघोबाची पहाट

१२ जून

आज सकाळी सातला पुन्हा तेच झालं. टायमरचा टक् आवाज आला, टाकीवरचा लाइट भसकन लागला आणि पाठोपाठ धाडकन आवाज. हातातलं लाटणं टाकून मी हॉलमध्ये पळाले. झाकणाच्या फटीतून पाणी उडून भिंतीवर ओघळलं होतं, वाळू ढवळली होती आणि माझा मासा वाघोबा टाकीतल्या लाकडामागे, हीटर आणि काच यांच्यामधल्या बोळकांडीत अंग चोरून उभा होता. उजव्या कुशीवरचा एक खवला निघाला होता, तिथे गुलाबी दिसत होतं. एरवी अंगभर उठून दिसणारे काळे ठिपके पार फिके पडलेले. सगळा राखाडी, आणि मधोमध काळपट डागांची एक ओळ, पिल्लू असताना होती तशी.

तीन वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या बाजारातून आणला तेव्हा हा जॅग्वार सिक्लिड जातीचा मासा दोन इंचांचा होता. आज अकरा इंचांचा आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी, साधारण ६८० लिटर पाणी, आणि त्यात हा एकटाच, कारण दुसऱ्या कुणाला हा राहू देत नाही. कोळंबी टाकली की जबडा पुढे फेकून एका झटक्यात आत ओढतो, तेव्हा पुढचे सुळे स्पष्ट दिसतात. घरी येणारा प्रत्येक जण टाकीपासून हातभर लांब उभा राहतो. आणि हाच मासा रोज सकाळी दिव्याला घाबरून लपतो, नऊ-साडेनऊपर्यंत बाहेर येत नाही. 'जातच लाजाळू असते' असं ऐकून मी इतके दिवस गप्प बसले. आज रक्त दिसल्यावर मात्र जिवाला लागलं.

१४ जून

जखम चिघळू नये म्हणून पाणी बदलायचं होतं. आमच्याकडे सांगलीत नळाला पाणी पहाटे पाचला येतं आणि ते सासूबाई भरतात. माशासाठी दोन पिंपं वेगळी ठेवा, औषध टाकून क्लोरीन मारायचाय, असं रात्री त्यांना सांगत होते. बोलता बोलता म्हटलं, "फार घाबरट झालाय हो आई हा."

"घाबरट कुठे आहे? मी पाणी भरायला उठते तेव्हा चांगला फिरत असतो की. काचेशी येऊन बघतो माझ्याकडे."

"रोज?"

"रोज. तुम्ही सगळे उठलात, दिवे लागले, की जातो आत."

तीन वर्षं मासा माझा, आणि त्याची पहाट मला माहीत नाही.

१५ जून

पावणेपाचला उठून हॉलमध्ये सतरंजीवर बसले. टायमर रात्रीच काढून ठेवला होता. आई उठल्या, बोळातला झिरोचा बल्ब लावून मोरीकडे गेल्या. त्यांना सगळ्यांची झोप मोडायची नसते, म्हणून त्या ट्यूब लावतच नाहीत. तो पिवळा उजेड दारातून तिरपा येऊन टाकीच्या खालच्या भागावर जेमतेम पडत होता.

आधी नुसता काळा आकार दिसला, लाकडापासून सुटा झालेला. शेपटी हलत नव्हती, फक्त छातीचे पर हळूहळू वल्ह्यासारखे चालले होते. वाळूपासून चार बोटं वर राहून तो टाकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, वळला, परत आला. मध्ये थांबून तोंडभर वाळू घेतली, कल्ल्यांतून गाळली, उरलेली थुंकली. मग माझ्या समोर आला. मी श्वास रोखून बसले होते. त्याचा डोळा खोबणीत जरासा फिरला आणि माझ्यावर स्थिरावला. असं बराच वेळ आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. नळाच्या पाण्याचा कळशीत पडणारा आवाज तेवढा येत होता.

साडेपाचनंतर खिडकी निळसर झाली. त्याच्या अंगावरचे ठिपके एकेक करून उमटायला लागले, आधी पाठीकडचे, मग कुशीवरचे, जसं कुणी बारीक कुंचल्याने टिंबं देतंय. सव्वासहाला तो पूर्ण रंगात होता आणि भर टाकीत उभा होता. सात वाजता लेक उठून आला, सवयीने ट्यूब लावली, आणि वाघोबा एका शेपटीच्या फटक्यात लाकडामागे. पण आज आपटला नाही. खोलीत आधीच उजेड होता ना!

१७ जून

दोन दिवस माशांच्या डोळ्यांबद्दल मिळेल ते वाचतेय. माशाला पापणी नसते एवढं ठाऊक होतं. पण बहुतेक हाडांच्या माशांची बाहुलीही उजेडाप्रमाणे लहान-मोठी होत नाही, हे नव्हतं माहीत. आपण अंधारातून उन्हात आलो की बाहुली आकसते, डोळे मिटता येतात, हात आडवा धरता येतो. माशाचा डोळा हे काम आतल्या पडद्यात करतो. अंधारात पाहणाऱ्या दंडपेशी आणि उजेडात पाहणाऱ्या शंकुपेशी तिथे चक्क जागा बदलतात. रात्री दंडपेशी पुढे, दिवसा त्या मागे जाऊन गडद रंगकणांच्या आडोशाला, आणि शंकुपेशी पुढे. ही अदलाबदल क्षणात होत नाही. अर्धा-पाऊण तास सहज लागू शकतो.

म्हणजे सातच्या टक् आवाजाबरोबर माझा मासा रोज सकाळी आंधळा होत होता. वरून अचानक लख्ख झालं, समोरचं काही दिसत नाही, आणि पळायला जागा सहा फूट. तो भित्रा नव्हताच.

शिवाय डोक्यात पिनियल ग्रंथी असते, तिला कवटीच्या पातळ भागातून थेट उजेड कळतो. रात्र किती झाली, दिवस कधी उगवणार, याचा हिशोब तिच्यातून स्रवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकावर चालतो. तिलाही पहाट लागते.

१९ जून

टायमर उघडून बसले आणि दुसरी चूक सापडली. हा चोवीस तासांच्या चकतीचा, भोवती पिना असलेला साधा टायमर. लाइट गेली की चकतीही थांबते. पावसाच्या तोंडावर इथे रोज कधी वीस मिनिटं, कधी दीड तास लाइट जाते, तेवढी चकती मागे पडते. मध्यंतरी वाघोबाची 'सकाळ' पावणेनऊला होत होती आणि दिवे मालवायची वेळ रात्री बारापर्यंत गेली होती. मी अधूनमधून चकती फिरवून पुन्हा सातवर आणायचे. एका दिवसात सकाळ पावणेदोन तास अलीकडे! माणसाला असं केलं तर तोही धडपडेल.

टायमर कपाटात ठेवला. आता हातानेच लावायचं.

२३ जून

नवी रीत बसतेय. पहाटे आईंचा झिरोचा बल्ब. सहाला मी पडदा अर्धा सारते, साडेसहाला पूर्ण. सातला हॉलची ट्यूब, आणि टाकीचा लाइट नऊशिवाय नाही. संध्याकाळी सगळं उलट: सहाला टाकीचा लाइट बंद, ट्यूब साडेनऊपर्यंत, मग तासभर फक्त बोळातला बल्ब. टाकीवर नऊ तास उजेड त्याला भरपूर होतो. टाकीत हिरवी झाडं नाहीत, असती तर त्याने उपटली असती, त्यामुळे जास्त उजेड फक्त काचेवरच्या शेवाळाच्या कामाचा. सकाळी पहिला तासभर खायलाही घालत नाही.

उजेड मंद वाढवणारे कंट्रोलर मिळतात, चांगले असतात. पण आमच्या घरात पहाटेला उठणारं माणूस आहे, तेव्हा मला त्याची गरज वाटली नाही.

लेकाला एकच सांगितलं, रात्री लघवीला उठलास तर हॉलची ट्यूब लावायची नाही आणि मोबाइलचा टॉर्च टाकीवर मारायचा नाही. त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत 'वाघोबा झोपला आहे' लिहून बटणाशेजारी चिकटवलंय.

२७ जून

शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड आहे. त्याची सुकून गळलेली, लालसर पानं गोळा करून आणली, धुतली, उकळून सोडली. दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं झालं. लाकडाच्या वरच्या भागात पिस्टिया हे पाण्यावर तरंगणारं रोपही सोडलंय, त्याच्या मुळ्यांची सावली खाली पडते. काहींना असं पाणी घाण वाटतं. मला नाही वाटत, आणि त्याला तर नाहीच.

हा मासा मूळचा मध्य अमेरिकेतला. त्याच्या शास्त्रीय नावातच, पॅराक्रोमिस मॅनाग्वेन्सिस, निकाराग्वातल्या मॅनाग्वा तळ्याचं नाव आहे. १८६७ साली प्राणिशास्त्रज्ञ गुंथर यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. चिखलाचा तळ, गढूळ कोमट पाणी, त्यात एका जागी दबा धरून बसायचं आणि जवळ आलेलं भक्ष्य पकडायचं, असं त्याचं आयुष्य. मॅनाग्वाला उजाडण्याआधी वीस-बावीस मिनिटांचा संधिप्रकाश असतो, आणि नंतरचं ऊनही गढूळ पाण्यातून गाळूनच खाली पोचतं. शिकारी माशांना ती धूसर वेळ अनेकदा सोयीची पडते, कारण छोट्या माशांचे डोळे तेव्हा धड रात्रीचे नसतात, धड दिवसाचे नसतात. नितळ पाणी, पांढरी वाळू आणि डोक्यावर लख्ख एलईडी, हे सगळं मला आवडायचं म्हणून होतं.

तिकडे त्याला 'ग्वापोते तिग्रे' म्हणतात. तिग्रे म्हणजे वाघ. लेकाने पहिल्याच दिवशी ठेवलेलं नाव बरोबर निघालं, याचा मला फार आनंद झाला.

२ जुलै

खवला निघाल्याची जागा भरत आलीये. वीस जूननंतर एकदाही आपटला नाही. तरी सातची ट्यूब लागली की आजही लाकडाच्या आडोशाला जातो, दहा-पंधरा मिनिटं तिथून नुसतं तोंड बाहेर काढून बघतो आणि मग येतो. तेवढं राहू दे. त्याला बाहेर काढायला काचेवर टकटक करणं, लाकूड हलवणं, हे मी पूर्वी केलंय. पुन्हा करणार नाही.

आज संध्याकाळी आठला सगळ्या गल्लीची लाइट गेली. जोराचा पाऊस होता. बॅटरीवरचा एअर पंप लावला, हॉलच्या ट्यूबचं बटण आठवणीने बंद करून ठेवलं आणि आईंजवळ जाऊन बसले. त्यांनी स्वयंपाकघरात मेणबत्ती लावली होती. तिच्या उजेडात टाकीच्या काचेमागे एक लांबट सावली सावकाश या टोकाकडून त्या टोकाला गेली.

"आला बघ," आई म्हणाल्या.

लाइट पावणेदहाला आली. आधी बोळातला बल्ब लागला. हॉलमध्ये अंधारच होता.