असईची परेड स्टेट

२३ सप्टेंबर १८०३ ची, ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली विरुद्ध शिंदे-भोसले अशी असईची लढाई टेबलावर खेळ म्हणून मांडायचं ठरलं, तेव्हा नकाशाचं काम सोपं गेलं. खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातली जमीन आणि कडेला असई गाव थर्माकोलवर पटकन उभं राहिलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मित्राची खोली, दोन फासे, रंगवलेल्या सोंगट्या; एक सोंगटी म्हणजे शंभर माणसं. अडलं ते माणसं मोजताना.

बऱ्याच युद्धखेळांत नियम सरळ असतो: मार बसला की सोंगटी उचलायची. एका लढाईपुरतं ते चालतं. आम्हाला मात्र त्याच फौजा पुढे २९ नोव्हेंबरच्या आडगावला आणि मग गाविलगडावर न्यायच्या होत्या. उचललेले सगळे मेले म्हणावं, तर वेलस्ली आडगावला फाटक्या फौजेनिशी पोचतो. सगळे परत आले म्हणावं, तर असई खेळली कशाला?

वाट दाखवली माझ्या मामांनी. ते सैनिक गिरगाव या गावचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. डाव बघून म्हणाले, "किती मेले ते मागनं बघा लेकांनो. सकाळी फॉलिनला, म्हंजे रांगेत, किती उभं ऱ्हायलं ते सांगा आधी." मग त्यांनी परेड स्टेट समजावली. पलटणीची ती रोजची हजेरी. एकूण किती, हजर किती, रजेवर, आजारी, ड्यूटीवर किती, सगळ्यांचे रकाने वेगळे.

महाद्वार रोडवरून लांबट खातेवही आणली. दर पलटणीला एक पान आणि रकाने असे: मूळ संख्या, ठार, जखमी, बेपत्ता, अडकलेले, उभे. खेळताना नजर फक्त शेवटच्या रकान्यावर ठेवायची.

आता पडलेल्यांची वाटणी कशी करायची? इथे कंपनी सरकारचा हिशोब कामाला आला. असईत त्यांचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले, एकूण १,५८४. म्हणजे ठार झालेले शेकडा २७. दोन फाशांची बेरीज पाच किंवा कमी येण्याची शक्यता ३६ पैकी १०, म्हणजे जवळपास तेवढीच. म्हणून पाचपर्यंत ठार, सहा ते अकरा जखमी, बारा आले तर बेपत्ता. बारानं बेपत्ता थोडे जास्त होतात, ते आम्ही चालवून घेतलं. कंपनीच्या बाजूनं लढलेल्या ७४ व्या हायलँडर (स्कॉटिश) पलटणीच्या मात्र सुमारे पाचशेपैकी चारशेच्या आसपास माणसं पडली. तिच्या पानावर "उभे"मध्ये एकच सोंगटी उरली.

सगळ्यात जास्त वाद "अडकलेले" या रकान्यावर झाला. मित्रांचं म्हणणं, धडधाकट माणूस तोट्यात कसा धरायचा? पण वेलस्लीचा जोडीदार सेनानी स्टीव्हन्सन याची ताजी फौज २४ तारखेच्या संध्याकाळी येऊन पोचली, तरी तिचे वैद्य वेलस्लीच्या जखमींत गुंतले आणि पाठलागाला निघायला २६ तारीख उजाडली. एक गोळी न खाता अख्खी फौज दोन दिवस जागेवर! म्हणून आमच्या डावात दर तीन जखमी सोंगट्यांमागे एक धडधाकट सोंगटी अडकते. असई ते आडगाव ६७ दिवसांचं अंतर, त्याच्या पंधरवड्याच्या चार पाळ्या केल्या. दर पाळीला जखमी सोंगटीवर फासा टाकायचा, सहा आला तर ती "उभे"मध्ये, एक आला तर "ठार"मध्ये.

शिंदे-भोसल्यांचं पान भरणं अवघड. तिकडची हजेरी हातात नाही. वेलस्लीच्या पत्रात मैदानावरचे १,२०० मृत येतात, आणि जखमी मुलुखभर पांगल्याचं लिहिलंय. ठार-जखमी मिळून सहा हजारांचा आकडा दिला जातो, पण तो अंदाजच. ९८ तोफा गेल्या हे पक्कं. म्हणून या बाजूचे आकडे पेन्सिलीनं लिहितो आणि "बेपत्ता" रकाना मुद्दाम रुंद आखलाय.

पण मला खरी मजा आली ती मराठ्यांच्या तोफा चालवणाऱ्या गोलंदाजांत. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे सरकली, तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. मेलेला माणूस परत लढायला उभा, हे कुठल्या रकान्यात बसवणार? आम्ही सोंगटी उचलायचीच नाही असं ठरवलं. ती पालथी ठेवायची आणि जिवंत की मेली ते फक्त पंचाला ठाऊक. गोऱ्यांच्या बाजूनं खेळणारा आता प्रत्येक पालथ्या सोंगटीपाशी थबकतो, मागे पहारा ठेवतो, आणि तेवढी माणसं त्याच्या रांगेतून कमी होतात.

आडगावला वही कमी पडली. असईत चांगल्या लढलेल्या तीन देशी पलटणी तिथे तोफांचा मारा सुरू होताच मोडल्या, वेलस्लीला स्वतः जाऊन त्या सावराव्या लागल्या. धैर्याचा रकाना करावा असं एकाचं मत होतं. मी नको म्हटलं, ते फाशांवर सोडलं.

आता पाळी गाविलगडाची. तिथे स्टीव्हन्सनच्या माणसांनी जड तोफा डोंगरातून हातांनी ओढत वर नेल्या, तेव्हा कुठे १५ डिसेंबरला किल्ला पडला. त्यामुळे पहिली गोळी सुटण्याआधीच त्याच्या पानावरचा "अडकलेले" रकाना निम्मा भरलाय.