लेकरू बोलतं तेव्हा

कापूस वेचणीच्या दिवसांत घरं रिकामी असतात. लेकरू अचानक अंथरूण ओलं करू लागलं, ओळखीच्या माणसाला पाहून कोठ्यात लपू लागलं, की आपल्याकडं आधी ‘बाहेरचं’ बघतात. अंगाऱ्या-धुपाऱ्यात आठवडे जातात. पण त्यामागं कुणी केलेला अत्याचारही असू शकतो.

लेकरू त्याबद्दल बोललंच, तर त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. ‘तेव्हाच का नाही सांगितलं?’ हा प्रश्न गिळा. त्यानं तोंड मिटतं. चारचौघांपुढं पुन्हा वदवणं त्याहून वाईट. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही नको: लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. जबाब घरी किंवा लेकराला हवं तिथं, साध्या कपड्यातल्या पोलिसांनी घ्यावा, असं कायदाच सांगतो. दारात खाकी दिसली की गावाला पोरीच्या लग्नाची काळजी लागते! लहानपणी असं सोसलेल्यांची मोठेपणीही झोप उडते. त्यासाठी १४४१६ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फुकट, मराठीत बोलता येतं.